जुन्या वळणाचं घर सजवताना: बडोद्याच्या एका जोडप्याला उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे: "दांडिया बाजारातला आमचा वाडा पाडायला दिला आहे आणि आम्ही दोघं गोत्रीला फ्लॅटमध्ये राहायला जातोय. नवं घर जुन्या वळणाचं, रेट्रो दिसावं अशी इच्छा आहे. झोपाळा, वेताच्या खुर्च्या, पितळेची भांडी, भिंतीवर जुनी चित्रं. वास्तुशांतीला कपडेही साठ-सत्तर सालातल्यासारखे घालायचे आहेत. ऑनलाइन मागवावं, लाखकामाच्या फर्निचरसाठी संखेड्याला जावं की जुन्या सामानाच्या दुकानांतून घ्यावं? फसवणूक कशी ओळखायची? वाड्यातलं उरलेलं सामान रविवारी भंगारवाला उचलणार आहे."

आधी रविवारचं बोलते, बाकी सगळं थांबू शकतं. भंगारवाल्याला एक आठवडा पुढची तारीख द्या. तो सगळं वजनावर घेतो. पितळ किलोवर, लोखंड किलोवर आणि लाकूड तर बऱ्याचदा "खोली रिकामी करून देतो" एवढ्या बोलीवर. पुढच्या महिन्यात तुम्ही ज्या वस्तू नगावर विकत घ्यायला निघणार आहात, त्यातल्या कितीतरी आज त्या वाड्यात पडलेल्या असतील. जुन्या फर्निचरची डागडुजी आणि पॉलिश हे माझं २७ वर्षांचं काम आहे. आपलाच झोपाळा भंगारात देऊन तसाच दुसरा शोधत माझ्याकडे आलेली माणसं मी पाहिली आहेत, आणि दर वेळी जीव हळहळतो.

बॅटरी आणि खडू घेऊन दोघं वाडाभर फिरा. माळ्यावर चढा, जिन्याखाली वाका. झोपाळा असेल तर त्याची फळी, पितळी सळया आणि तुळईतल्या कड्या यांवर खडूने खूण करा. जुन्या सळयांवर हत्ती, मोर, घोडेस्वार ओतलेले असतात. अशी भरीव ओतकामाची जोडी आज बाजारात मिळाली तरी हलकी आणि पोकळ मिळते. दरवाजे आणि खिडक्यांच्या झडपा ठेवा. आपल्याकडच्या जुन्या घरांत वलसाडी साग पुष्कळ वापरला जायचा, आणि तसं रुंद, सरळ रेघांचं लाकूड आज वखारीत सहजी मिळत नाही. एका जाड दरवाज्यातून तुमचं जेवणाचं टेबल होतं. फडताळ, घडवंची, पाट, चौरंग, आरामखुर्ची मोडकी असली तरी ठेवा. चिनीमातीच्या बरण्या, काचेचे पेले, ट्रंकेतल्या साड्या यांना तर भंगारवाल्याच्या नजरेलाच पडू देऊ नका.

आता खरेदी. बाजारात "रेट्रो" म्हणून जे विकलं जातं, ते तीन तऱ्हेचं असतं. एक खरोखर जुनं. दुसरं जुन्या वळणाचं पण आज बनवलेलं, आणि तसंच सांगून विकलेलं. तिसरं आज बनवलेलं पण जुनं म्हणून विकलेलं. पहिलं घ्या, दुसरंही निःशंक घ्या. आजच्या कारागिराने जुन्या पद्धतीने घडवलेल्या खुर्चीत कमीपणा काही नाही, आणि ती घेतली तरच ती पद्धत टिकेल. तिसऱ्यापासून मात्र लांब राहा. ते ओळखायच्या खुणा पुढे सांगते, पण त्यांच्याही आधी कुठल्याही वस्तूसमोर उभं राहून मी स्वतःला एक प्रश्न विचारते: हे मोडलं तर बडोद्यात कोण दुरुस्त करेल? नाव सुचलं, म्हणजे सुतार, वेतवाला, कल्हईवाला, रफूवाला यांपैकी कोणी डोळ्यांसमोर आलं, तर पुढचं बोलणं. कोणीच आलं नाही तर ती वस्तू कितीही देखणी असो, मी हात जोडून निघते. साठ वर्षांपूर्वीच्या वस्तू आज उभ्या आहेत त्या दुरुस्त होत आल्या म्हणून. भुशाच्या फळीवर लाकडाच्या चित्राचा कागद चिकटवलेलं, निमुळत्या पायांचं रेट्रो कपाट एका पावसाळ्यात फुगलं की त्याला कोणताही मिस्त्री हात लावत नाही.

ऑनलाइन खरेदीचं बरंचसं या एका प्रश्नातच आटोपतं. तिथे "फिनिश" हा शब्द शोधा. सागाचं फिनिश, अक्रोडाचं फिनिश, ब्रास फिनिश, अँटिक फिनिश: हा शब्द दिसला की त्याच्या आधी जे नाव आहे ते त्या वस्तूत नाही, फक्त त्याचा रंग आहे, असं धरून चाला. "एंजिनियर्ड वुड" म्हणजे बहुतेक वेळा एमडीएफ (लाकडाचे तंतू दाबून केलेली फळी) किंवा भुशाचा बोर्ड. "सॉलिड वुड" लिहिलं असेल तर कुठलं लाकूड ते विचारा. शिसम चांगलं. आंब्याचं लाकूड वाईट नसतं, पण ते नीट वाळवलेलं आणि कीडरोधक औषध दिलेलं हवं. या धाटणीचं पुष्कळ फर्निचर जोधपूरकडून येतं. तिथल्या कोरड्या हवेत बनलेले खण आपल्या जुलै-ऑगस्टमध्ये फुगून अडकतात, म्हणून खणाच्या दोन्ही बाजूंना थोडी फट आहे का, हे विक्रेत्याला फोटो मागून बघा. त्या फटीत कागद सहज सरकला पाहिजे. खणाचा तळ, पाठीमागची फळी आणि पायाचा सांधा या तीन जागांचे फोटो मागा. प्रामाणिक विकणारा ते देतो.

संखेड्याबद्दल मात्र सविस्तर सांगायचं आहे, कारण तुमच्या झोपाळ्याचं उत्तर तिथे आहे. बडोद्याहून साधारण ५० किलोमीटर. २०१३ पर्यंत ते आपल्याच जिल्ह्यात होतं, आता छोटा उदेपूर जिल्ह्यात आहे. तिथले खराडी पिढ्यान्‌पिढ्या खरादावर, म्हणजे लेथवर, सागाचे पाय आणि दांडे गोल उतरवतात. लाखेची रंगीत कांडी फिरत्या लाकडावर दाबली की घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळते आणि लाकडावर पसरते. मग केवड्याच्या पानाने ती सारखी करतात. नक्षी काढतात ती कथलाच्या भुकटीची, बारीक कुंचल्याने, हाताने. अकीकाच्या दगडाने घोटली की ती चांदीसारखी चकाकते, आणि तिच्यावर लाखेचा थर चढला की तीच नक्षी सोनेरी दिसू लागते. लोक विचारतात, यात सोनं आहे का? सोनं नाही, कथील आहे. हे एकदा डोळ्यांनी बघितलं की तुम्ही संखेड्याच्या खुर्चीकडे पुन्हा पूर्वीच्या नजरेने बघणार नाही. या कामाला भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे.

जाल तेव्हा एखादा दिवस मोकळा ठेवा आणि दुकानाआधी कारखाना दाखवायला सांगा. खरं लाखकाम आणि नुसता रंग मारलेलं काम शेजारी ठेवून बघा. लाखेला खोली असते, उजेड आत शिरतो आणि परत येतो. रंगाचा थर वरच्यावर चमकतो. हाताने काढलेल्या दोन फुलांत थोडा फरक असतो, छापाची सगळी फुलं सारखी. खुर्ची उलटी करून सांधे बघा, उभी करून तिरकी हलवा, कुरकुरली तर दुसरी मागा. पारंपरिक रंग तपकिरी-लाल आणि सोनेरी. आता काळ्या, हस्तिदंती, निळ्या छटाही करून देतात. तुमच्या फ्लॅटच्या पांढऱ्या भिंतींसमोर तपकिरी-लाल सगळ्यांत शोभेल, असं माझं मत. पूर्ण संच मात्र घेऊ नका. सोफा, खुर्च्या, टिपॉय, पाळणा सगळं संखेड्याचं केलं की खोली लग्नाच्या मांडवासारखी दिसते. एक झोपाळा, किंवा दोन खुर्च्या, बास. लाखेवर गरम चहाचा कप ठेवला की डाग पडतो, स्पिरिट लागलं की लाख विरघळते. कोरड्या मऊ फडक्याने पुसणं एवढीच निगा.

झोपाळा टांगायचा कुठे, हे आधी ठरवा. वाड्यात तुळईला कडी होती, फ्लॅटमध्ये तुळई नाही. स्लॅबला भोक पाडून साधा फास्टनर ठोकला आणि त्यावर चार माणसं झुलली, हे मी कधीच होऊ देत नाही. झुलताना भार नुसत्या वजनापेक्षा वाढतो, आणि तो पुन्हापुन्हा येतो. काँक्रीटच्या बीममध्ये, स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवून, योग्य खोलीचे अँकर बसवता येतात. ते जमत नसेल तर संखेड्याचा झोपाळा स्वतःच्या चौकटीसह मिळतो, छताचा संबंधच येत नाही. वाड्यातल्या पितळी सळया निघाल्या तर त्या चौकटीच्या मापात बसवून द्यायला कारागिराला आधीच सांगा. सळयांचं माप घेऊनच जा.

वेताच्या खुर्च्यांबद्दल. सध्या सगळीकडे उलट्या व्हीच्या आकाराचे पाय आणि वेताची जाळी असलेल्या खुर्च्या "चंदीगड" नावाने विकल्या जातात. मूळ खुर्च्या १९५० च्या दशकात चंदीगडच्या सरकारी इमारतींसाठी स्विस वास्तुकार पिएर जानरे यांच्या आराखड्यांवरून सागात बनल्या. कचेऱ्यांतून भंगार म्हणून निघाल्यावर त्या परदेशी लिलावांत पोहोचल्या आणि मग त्यांच्या नकला निघाल्या. नक्कल घ्यायला हरकत नाही, पण ती नक्कल आहे याची किंमत द्या. बैठक उलटी करून बघा: चौकटीला कडेने ओळीने भोकं आणि त्यातून ओवलेला वेत म्हणजे हाताची वीण. खाचेत दाबून बसवलेली तयार जाळी म्हणजे यंत्राची. हाताची वीण जास्त टिकते. प्लास्टिकचा वेत स्पर्शाला गुळगुळीत आणि रंगाला अगदी एकसारखा असतो. खरा वेत सैल पडला तर खालच्या बाजूने ओलं फडकं फिरवून सावलीत वाळू द्या, तो पुन्हा ताणला जातो. वरून पाणी मारून उपयोग नाही, वरची बाजू चकचकीत सालीची असते, पाणी पीत नाही.

जुन्या सामानाच्या दुकानांत फिरताना बडोद्याच्या माणसाने एक गोष्ट पहिल्यांदा बघावी, ती म्हणजे पुराची खूण. २०१९ च्या जुलै अखेरीस आणि पुन्हा २०२४ च्या ऑगस्ट अखेरीस विश्वामित्रीचं पाणी घराघरांत शिरलं, आणि त्यानंतर भिजलेलं फर्निचर वाळवून, पॉलिश करून बाजारात आलं. कपाटाच्या पायांपासून गुडघ्याएवढ्या उंचीवर लाकडाचा रंग बदललेला असतो. खालच्या स्क्रूंना गंज आणि वरच्यांना नाही, तळाच्या प्लायवूडचे पदर सुटलेले, आणि खण उघडल्यावर ओलसर, चिखलाचा वास. सागाची भरीव वस्तू पुरातून वाचते, तिला घाबरू नका, फक्त भाव पाडून घ्या. प्लाय आणि विनियरची, म्हणजे वर लाकडाचा पातळ पापुद्रा चिकटवलेली, वस्तू घेऊ नका.

कीड बघा. टाचणीएवढी भोकं जुनी असू शकतात, पण वस्तू हलवल्यावर पीठ गळलं तर कीड जिवंत आहे. सागाच्या गाभ्याला ती सहसा लागत नाही, बाहेरच्या पांढऱ्या लाकडाला लागते. मागच्या फळीचा आणि खणांचा तेवढाच भाग बदलून घेता येतो. पॉलिश जुनं लाखेचं आहे का, हे बघायला आतल्या कोपऱ्यात, दुकानदाराला विचारून, स्पिरिटचा बोळा फिरवा. चिकट होऊन तपकिरी उतरलं तर लाखेचं पॉलिश. काहीच झालं नाही तर वर मेलामाईन किंवा पीयू हे आजकालचं रासायनिक पॉलिश आहे, म्हणजे वस्तू अलीकडे हाताळली गेली आहे. खणाच्या कोपऱ्यांत लाकूड लाकडात गुंतवलेलं दिसलं तर चांगलं, स्टेपलच्या पिना दिसल्या तर ठेवून द्या. फुलीसारख्या चार खाचांच्या डोक्याचे स्क्रूही जपून बघा. एखादा नंतर बदललेला असेल, पण सगळेच तसे आणि वस्तू "शंभर वर्षांची", हे जुळत नाही.

आणि सगळ्यांत मोठी खूण, जी मला पैसे घालवून कळली. धंद्यात नवीन असताना मी एक पटारा घेतला. आपल्या गुजराती शेजारणींच्या घरी असतो तसा, पितळी पत्रे आणि चाकं असलेला, लग्नात मुलीबरोबर दिलेला मोठा पेटारा. विकणारा म्हणाला, काठियावाडातल्या घरातून आलाय. बाहेरून सगळं बरोबर होतं. घरी आणून आतून ओल्या फडक्याने पुसला आणि फडकं चहाच्या रंगाचं झालं. नवं लाकूड आतून-बाहेरून रंगवून जुनं केलेलं. तेव्हापासून मी कुठल्याही वस्तूचा आधी न दिसणारा भाग बघते. जुने सुतार खणाचा तळ, कपाटाची पाठ, टेबलाची खालची बाजू रंगवत नसत. ते लाकूड नुसत्या हवेने हळूहळू काळवंडतं, कोपऱ्यांत जास्त, मध्ये कमी. जिथे कोणी बघत नाही तिथे एकसारखा गडद रंग दिसला की ओळखा, कुणीतरी वय लपवायला नव्हे तर वाढवायला बसलं होतं. झिजेचंही तसंच. हात जिथे लागतो, पाय जिथे घासतो, तिथेच वस्तू झिजली पाहिजे. सगळीकडे सारख्या ओरखड्यांची वस्तू जुनी दिसावी म्हणून साखळीने मारलेली असते.

अमेरिकेतल्या नातेवाइकांसाठी एक सूचना, कारण बडोद्यात हा विषय निघतोच. १९७२ च्या पुरावशेष कायद्याप्रमाणे १०० वर्षांहून जुनी कलावस्तू खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही. वाड्यातला कोरीव देव्हारा किंवा जुनी मूर्ती कुणाला "तिकडे" पाठवायचा बेत असेल तर तो सोडा.

पितळ. लोहचुंबक न्या. चिकटला तर आत लोखंड. चिकटला नाही म्हणजे पितळच असं नाही, म्हणून हातात घेऊन वजन बघा आणि बुडाशी खरवडल्याची जागा शोधा. तिथे पांढुरका धातू दिसला तर वर फक्त मुलामा. मुद्दाम काळं केलेलं पितळ सगळीकडे सारखं काळं असतं. खरं वापरलेलं भांडं काठाला आणि कानाला झिजून उजळ झालेलं असतं. माझं आवडतं काम म्हणजे बुडावरची, काठावरची टिंबांनी कोरलेली नावं वाचणं. देणाऱ्याचं नाव, कधी गाव, कधी तिथी. मराठी घरांतली देवनागरीत, गुजराती घरांतली शिरोरेघेशिवाय. अशा नावाचं भांडं वाड्यात सापडलं तर ते पॉलिशवाल्याच्या यंत्रावर देऊ नका, टिंबं पुसली जातात. चिंच आणि मिठाने हाताने घासा. स्वयंपाकाला वापरणार असाल तर आधी कल्हई, नाहीतर ताक, आमटी, चिंचेचं सार कळकतं. शोभेला पाणी भरून फुलं ठेवायची असतील तर कल्हईशिवाय चालेल.

पेल्यांसाठी लांब जायची गरज नाही. "येरा" नावाचे काचेचे पेले याच शहरात, अलेंबिकच्या काच कारखान्यात बनत. साठ-सत्तर सालात आपल्या कितीतरी घरांत सरबत त्यातूनच दिलं गेलं. पेला उलटा करून बुडाला उमटवलेलं नाव शोधा. वाड्याच्या फडताळात सहा नाहीत तरी चार निघतील, आणि ते तुमच्या घरातली सगळ्यांत अस्सल बडोदी रेट्रो वस्तू ठरतील. त्यात कढत चहा ओतू नका. जुन्या बरण्या घेताना आतला लेप बघा. त्यावर केसासारख्या बारीक भेगांचं जाळं असेल तर तीत लोणचं नको, रवा-साखरही नको, छत्र्या ठेवा. जुन्या रंगीत, झिलईदार ताटल्यांतून जेवू नये, रंगात शिसं असू शकतं. त्याच कारणाने जुना तैलरंग दिलेला पाळणा किंवा दार घरात कोरडा सँडपेपर मारून घासू नका.

चित्रांच्या बाबतीत बडोदेकर म्हणून तुम्हाला जास्त चोखंदळ राहायला हवं. राजा रविवर्म्याने लक्ष्मीविलास राजवाड्यासाठी १४ पौराणिक चित्रं केली, आणि चित्रांच्या छापील प्रती काढाव्यात ही सूचना त्याला केली ती बडोद्याचे दिवाण राहिलेल्या सर टी. माधवरावांनी. मग १८९४ मध्ये मुंबईत घाटकोपरला छापखाना निघाला, तो पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. त्या छापखान्यातल्या लक्ष्मी-सरस्वती मराठी घरांच्या देवघरांत पोहोचल्या, काहींवर बायकांनी जर आणि टिकल्याही लावल्या. आज त्यांच्या आधुनिक छपाया चहाच्या पाण्यात बुडवून जुन्या म्हणून विकल्या जातात. दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्या, स्टेशनरीच्या दुकानात मिळतं. दगडावरून छापलेल्या जुन्या चित्रात ठिपके हाताने टाकलेले, लहानमोठे, विखुरलेले दिसतात. आजच्या ऑफसेटमध्ये चार रंगांचे ठिपके नेमाने फुलांच्या आकारात बसलेले असतात. हे एकदा पाहिलं की पुन्हा कुणी फसवू शकत नाही. विकत घेण्याआधी महाराजा फत्तेसिंह म्युझियममध्ये मूळ तैलचित्रं बघून या. त्यानंतर चांगली नवी छपाई, नवी म्हणूनच, सागाच्या जुन्या चौकटीत लावली तर मला ती खोट्या जुन्यापेक्षा दहापट आवडेल.

पितळी कर्ण्याचे ग्रामोफोन घेऊ नका. बाजारात दिसणारे बहुतेक सुट्या नव्या-जुन्या भागांचे जोडलेले असतात, दोन महिन्यांत स्प्रिंग बसते. जुना रेडिओ शोभेला ठेवायचा असेल तर ठेवा, पण तपासल्याशिवाय प्लग लावू नका. जुन्या दिव्यांची, पंख्यांची वायर पूर्ण बदलून घ्या.

आता कपडे. साठ-सत्तर सालाचं वळण म्हटलं की तलम, साधी शिफॉन आणि बिनबाह्यांचा ब्लाउज डोळ्यांपुढे येतो. ती शिफॉन साडी म्हणून रूढ करण्यात मोठा वाटा आपल्याच शहराच्या लेकीचा, सयाजीराव महाराजांच्या कन्या इंदिराराजे यांचा. त्या कूचबिहारच्या महाराणी झाल्या, आणि १९२२ मध्ये वैधव्य आल्यावर फ्रान्सहून शिफॉन मागवून साड्या म्हणून नेसू लागल्या. तेव्हा तुम्ही ती नेसाल तर ते बडोद्याचंच वळण आहे. घडियाळी पोळात शिफॉन-जॉर्जेट बघताना पदराकडचा एक धागा मागून घ्या आणि बाहेर येऊन जाळा. केस जळल्याचा वास आणि चुरगळणारी राख म्हणजे रेशीम. वितळून टणक मणी झाला तर पॉलिएस्टर. पॉलिएस्टर घ्यायला हरकत नाही, त्या काळातही नायलॉन आणि टेरिलीन हौसेने घातलं जायचं. पण वास्तुशांतीला होम असतो. होमाजवळ बसताना नायलॉन, पॉलिएस्टर, शिफॉन अजिबात नको. सकाळी होमाला सुती किंवा जाड रेशमी, कासोटा घातलेली नऊवारी नेसलात तर उत्तमच, आणि शिफॉन संध्याकाळी पाहुणे येतील तेव्हा. हे मी कळकळीने सांगते आहे.

आजीच्या ट्रंकेतल्या साड्या विकत घेतलेल्या कुठल्याही "व्हिंटेज" साडीपेक्षा सरस असतील. कितीतरी घरांतल्या पैठण्या जरीतल्या चांदीसाठी वितळवल्या गेल्या, किंवा बोहारणीच्या पातेल्यात गेल्या. तुमच्या वाचल्या असतील तर उजेडासमोर धरून घड्यांच्या रेषा बघा. रेशीम घडीवर चिरतं. चिरलं असेल तर ती नेसू नका, पदर आणि काठ नव्या साडीवर लावून घ्या. खरी जर काळवंडते, ती चांदीची असल्याची ती खूण आहे, रसायनाने घासू नका. डांबरगोळ्या जरीला टेकवू नका, सुती फडक्यात गुंडाळा आणि दर चार महिन्यांनी घडी बदला. पैठणी म्हणून नवी घेत असाल तर पदर उलटा करा. हातमागावरच्या खऱ्या पैठणीत नक्षी दोन्ही बाजूंनी सारखी दिसते, मागे कापलेले धागे लोंबत असतील तर यंत्रमाग.

यजमानांसाठी बेलबॉटम आणि लांब टोकांची कॉलर हवी असेल तर तयार घेऊ नका, शिवून घ्या. वडिलांची जुनी पँट मिळाली तर शिंप्याला मापाला द्या आणि शिवणीत माया बघा. जुने शिंपी कमरेला बोटभर माया सोडत, त्यामुळे तीच पँट दोन पिढ्यांना पुरते. ब्लाउजचंही तसंच. आईचा जुना ब्लाउज उसवून त्याचा कटिंगचा कागद काढून घेतला तर ते वळण कुठल्याच दुकानात मिळणार नाही इतकं बरोबर येतं. वरची माळ, कानातली, केसांचे आकडे मंगळ बाजारातून घ्या, तिथे पाच दुकानं फिरण्यातच मजा आहे.

मोठी वस्तू ठरवण्याआधी फ्लॅटच्या लिफ्टचं दार आणि जिन्याचं वळण मोजा. वाड्यातलं सागाचं कपाट उभं जात नाही, पण बहुतेक जुनी कपाटं वरचा मुकुट, मधला भाग आणि पाया अशी सुटी होतात. मागून खुंट्या शोधा, पाचर हळूच ठोकली की निघतात. प्रत्येक भागावर खडूने आकडा घाला. तुळईतल्या कड्या काढायला हातोडा चालवू नका, कड्या वाकतात. त्या वरून पट्टी आणि नट लावून बसवलेल्या असतात. माळ्यावरून जाऊन नटाला रात्रभर तेल सोडा आणि सकाळी पाना लावा. सुतार शनिवारीच बोलवून घ्या.